विद्युत्-गिटारचा नकोसा सूर: नीरव पिकपची निवड

ठाणें, डोंबिवली आणि कल्याण येथील पुष्कळ घरांत पेटी व तबला यांच्या शेजारीं आतां विजेवर चालणारी गिटार येऊन बसली आहे. शाळा-महाविद्यालयांत जाणारीं मुलें तिचा अभ्यास करतात आणि गणेशोत्सवांतील वाद्यवृंदाच्या कार्यक्रमांत ती हटकून दिसते. परंतु हें वाद्य घरीं आल्यावर थोड्याच दिवसांत एक तक्रार ऐकूं येऊं लागते. वादकानें अद्याप एकहि तार छेडलेली नसते, तरी ध्वनिवर्धकांतून ‘घूं’ असा अखंड आवाज निघत राहतो. वादक त्याला ‘हम’ म्हणतात. यावर उपाय विचारला असतां बहुधा एकच उत्तर मिळतें: गिटारचे पिकप बदलावे व त्यांच्या जागीं ‘नॉइजलेस’, म्हणजे नीरव, पिकप बसवावे. हा सल्ला कधीं अगदीं अचूक ठरतो, तर कधीं सर्वस्वी निरुपयोगी. नामांकित कंपनीच्या तीन पिकपांच्या संचाला नवशिक्याच्या गिटारहूनहि अधिक पैसे पडूं शकतात. म्हणून खिशांत हात घालण्यापूर्वीं हा आवाज कोठून येतो, कोणत्या उपायानें जातो आणि त्या उपायाच्या बदल्यांत वाद्याचें काय हरवतें, हें समजून घेणें अगत्याचें आहे.

विद्युत्-गिटारचें अंग बहुधा भरीव लांकडाचें असतें. सतारीच्या भोपळ्याप्रमाणें किंवा साध्या गिटारच्या पोकळ पेटीप्रमाणें तें स्वर मोठा करीत नाहीं. तारेचें कंपन विजेच्या रूपानें टिपून ध्वनिवर्धकाकडे पोंचविण्याचें काम तारांच्या खालीं बसविलेला पिकप करतो. त्याची रचना ऐकावयास सोपी आहे. लोहचुंबकाच्या लहान कांड्या एका ओळींत उभ्या केलेल्या असतात आणि त्यांच्या भोंवतीं केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचें वेटोळें, म्हणजे बाजारांतील भाषेंत ‘कॉइल’, गुंडाळलेलें असतें. एका वेटोळ्यांत तारेचे सुमारें सात ते आठ हजार फेरे असतात. गिटारची तार पोलादी असल्यानें लोहचुंबकाच्या सान्निध्यांत तिलाहि चुंबकत्व येतें. ती हलूं लागली कीं वेटोळ्यांतून जाणारें चुंबकीय क्षेत्र कमीजास्त होतें. आणि असें क्षेत्र बदललें कीं तारेंत विजेचा दाब उत्पन्न होतो, हें मायकेल फॅरडे यानें १८३१ सालीं प्रयोगानें दाखवून दिलें होतें.

या तत्त्वावर गिटारला पिकप बसविण्याचा उद्योग अमेरिकेंत जॉर्ज बोशँप यानें यशस्वी केला व त्याचें पेटंट १९३७ सालीं मंजूर झालें. त्याची ती गिटार मांडीवर आडवी ठेवून, तारांवर धातूची कांडी फिरवून वाजवावयाची, म्हणजे हवाईयन पद्धतीची होती. हा प्रकार भारतीय कानांस परका नाहीं. व्हॅन शिप्ले यांनीं विजेच्या हवाईयन गिटारवर वाजविलेल्या चित्रपटगीतांच्या ध्वनिमुद्रिका जुन्या पिढीच्या चांगल्याच स्मरणांत आहेत. पुढें १९५४ सालीं फेंडर कंपनीची स्ट्रॅटोकॅस्टर नांवाची गिटार बाजारांत आली. तिच्यावर एकेरी वेटोळ्याचे तीन पिकप असत. आज येथें मुलांच्या हातीं दिसणाऱ्या पुष्कळशा गिटारी त्याच घडणीच्या आहेत, आणि हमची तक्रार मुख्यतः अशाच गिटारींविषयीं असते.

एकेरी वेटोळ्याचा दोष त्याच्या गुणांतूनच जन्मास येतो. बदलतें चुंबकीय क्षेत्र टिपणें हें त्याचें काम; परंतु तें क्षेत्र तारेच्या कंपनानें बदललें कीं भिंतींतील विजेच्या प्रवाहानें, हें त्याला ओळखतां येत नाहीं. भारतांत घरोघरीं येणारी वीज सेकंदास पन्नास वेळां आवर्तन पुरें करते. तिच्या प्रवाहाभोंवतीं त्याच लयीनें मागेंपुढें होणारें क्षेत्र उभें राहतें व वेटोळें तें इमानानें ध्वनिवर्धकाकडे पोंचवितें. म्हणून हमचा मूळ स्वर पन्नास आवर्तनांचा असतो आणि त्याच्या जोडीला दीडशें, अडीचशें अशा त्याच्या पटींतील स्वरहि ऐकूं येतात. पेटीच्या भाषेंत सांगावयाचें तर पन्नास आवर्तनांचा हा स्वर खालच्या सप्तकांतील पांढरी पांचच्या किंचित् वर पडतो. जणूं कोणीहि न लावलेला एक तंबोरा खोलींत अखंड वाजत असतो, आणि त्याचा षड्ज गाणाऱ्याच्या षड्जाशीं कधींच जुळत नाहीं. हलक्या हातानें स्वच्छ स्वर वाजविणाऱ्याला तो फारसा जाणवत नाहीं. परंतु ‘डिस्टॉर्शन’ लावून स्वर फुगवून वाजविणाऱ्याच्या बाबतींत स्वराबरोबर हमहि फुगतो आणि दोन वाक्यांमधील विसांवा नासून जातो.

ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या पट्ट्यांत या हमला खाद्य पुरविणाऱ्या वस्तूंची वाण नाहीं. इमारती एकमेकींस खेटून उभ्या आहेत. आवारांत महावितरणचें रोहित्र, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, बसविलेलें असतें. आणि तळमजल्याच्या घराची भिंत कधीं कधीं मीटरांच्या खोलीला लागून असते. त्यांतच लोहमार्ग वस्तीच्या मधून जातो. ठाकुर्लीचें चोळा वीजगृह ज्या काळांत रेल्वेला वीज पुरवीत असे, तेव्हां गाड्यांच्या डोक्यावरील तारेंत पंधराशें व्होल्टांचा एकदिश प्रवाह खेळत होता. अशा प्रवाहाचें क्षेत्र एकाच दिशेचें असल्यानें त्यांतून पन्नास आवर्तनांचा हम निघत नाहीं. मध्य रेल्वेच्या मुख्य उपनगरी मार्गावरील ही व्यवस्था २०१५ सालापर्यंत बदलून तेथें पंचवीस हजार व्होल्टांचा, पन्नास आवर्तनांचा प्रवाह आला. रुळांच्या अगदीं लगतच्या इमारतींत गाडी स्थानकांतून सुटतांना हम चढतो व ती दूर गेल्यावर उतरतो, असें आढळल्यास त्याचें कारण येथें असूं शकतें.

या दोषावरचा मूलगामी उपाय गिब्सन कंपनींतील सेथ लव्हर या तंत्रज्ञानें योजिला. त्यासाठीं त्यानें १९५५ सालीं पेटंटचा अर्ज केला व १९५९ सालीं तें मंजूर झालें. त्यानें एकाऐवजीं दोन वेटोळीं शेजारीं शेजारीं ठेविलीं. दुसऱ्या वेटोळ्याची जोडणी पहिल्याच्या उलट केली आणि त्याच्या खालील चुंबकाचा ध्रुवहि उलट ठेविला. बाहेरून येणाऱ्या हमला चुंबकाच्या ध्रुवाशीं कर्तव्य नसतें. तो दोन्ही वेटोळ्यांत सारखाच उमटतो व जोडणी उलट असल्यानें परस्परांस मारून टाकतो. तारेच्या स्वराची गोष्ट निराळी. त्याच्या बाबतींत ध्रुवहि उलट आणि जोडणीहि उलट, म्हणजे दोनदां उलट होऊन तो सुलट होतो व दोन्हीं वेटोळ्यांतील स्वरांची बेरीज होते. घरांतील वायरिंगमध्येंहि हेंच तत्त्व नकळत काम करीत असतें. जाणारी व येणारी तार एकमेकींस चिकटून नेली तर दोघींचीं क्षेत्रें विरुद्ध असल्यानें बहुतेक मावळतात. त्या दूर दूर नेल्या तर मधली सारी जागा हमनें भरते. लव्हरच्या या रचनेस ‘हमबकर’ असें नांव पडलें.

येथेंच प्रश्न सुटला असता, परंतु हमबकरचा आवाज एकेरी वेटोळ्यासारखा नसतो. दोन वेटोळीं तारेच्या अधिक लांबीवरचें कंपन टिपतात, त्यामुळें सूक्ष्म वरचे स्वर कांहींसे पुसले जातात. शिवाय दोन्हीं वेटोळ्यांचे फेरे एकत्र आल्यानें पिकपचा कल मध्यम व खर्ज स्वरांकडे झुकतो. आवाज भरदार व गोलसर होतो. पण स्ट्रॅटोकॅस्टरचा कांचेसारखा लखलखीत, टोंकदार स्वर त्यांत नसतो. ज्याला तोच स्वर हवा आहे, त्याला हमबकर देणें म्हणजे सनई मागणाऱ्याच्या हातीं क्लॅरिओनेट देण्यासारखें आहे. वाद्य उत्तम असेल, पण तें मागितलेलें नव्हे. म्हणून गेल्या कांहीं दशकांत पिकप घडविणाऱ्यांनीं एकच ध्यास घेतला: जागा एकेरी वेटोळ्याची, स्वर शक्य तितका एकेरी वेटोळ्याचा, पण हम मात्र नाहीं. ‘नॉइजलेस’ या नांवाखालीं विकल्या जाणाऱ्या वस्तु त्या ध्यासांतून निघाल्या आहेत.

त्यांतील निवडीकडे वळण्यापूर्वीं एक परीक्षा करणें आवश्यक आहे. कारण नीरव पिकप चुंबकीय हमचाच बंदोबस्त करतो, इतर आवाजांचा नव्हे. ही परीक्षा घरींच, कोणत्याहि उपकरणावांचून करतां येते. प्रथम गिटारवरील आवाजाचें बटण पूर्णपणें बंद करावें. तरीहि घरघर तशीच राहिली, तर दोष ध्वनिवर्धकांत, जोडतारेंत किंवा विजेच्या पुरवठ्यांत आहे; पिकप निरपराध आहे. बटण उघडल्यावर आवाज येत असेल तर गिटार हातांत धरून वादकानें खुर्चीवर बसल्या बसल्या हळूहळू सभोंवार फिरावें. एका दिशेला आवाज वाढतो व दुसऱ्या दिशेला जवळ जवळ नाहींसा होतो, असें आढळलें तर तो चुंबकीय हम होय, आणि नीरव पिकप त्यावर खरोखर गुणकारी आहे. तिसरी गोष्ट तारांना हात लावून पाहावयाची. हात लावतांच तीक्ष्ण खरखर थांबत असेल, तर ती चुंबकीय नसून विजेच्या क्षेत्राची आहे. तिच्यावर खरा उपाय म्हणजे गिटारच्या आंतल्या खांचेला तांब्याची चिकटपट्टी लावून ती अर्थिंगच्या तारेस जोडणें. हें काम थोडक्या खर्चांत होतें. पट्टी व डाख देण्याचें साहित्य मुंबईस लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे डॉ. भडकमकर मार्गावर, सहज मिळतें.

पुष्कळ वेळां खरा गुन्हेगार घरांतच सांपडतो. पंख्याचा वेग कमीजास्त करणारें फिरत्या बटणाचें रेग्युलेटर विजेची लाट मध्येंच कापतें व त्यांतून झणझणता आवाज उठतो. पंखा पूर्ण वेगावर नेला किंवा बंद केला कीं तो थांबतो. ठराविक पायऱ्यांचें, कपॅसिटरवर चालणारें रेग्युलेटर बसविल्यास हा त्रास राहत नाहीं. स्वस्त एल्‌ईडी दिवे, भ्रमणध्वनीचा चार्जर आणि लॅपटॉपची वीजपेटी हींहि त्याच पंक्तींतील होत. आजकाल पुष्कळ मुलें ध्वनिवर्धकाऐवजीं संगणकांतून गिटार ऐकतात. त्यांनीं लॅपटॉपचा चार्जर काढून तो नुसत्या बॅटरीवर चालवून पाहावा. घरघर तत्काळ थांबली, तर पिकपावर एक पैसाहि खर्च करण्याचें कारण नाहीं. रंगमंदिरांत दिवे मंद करणारे डिमर असतात, त्यांचाहि हाच प्रकार. घरीं शांत असलेली गिटार ठाण्याच्या गडकरी रंगायतनांत किंवा कल्याणच्या अत्रे रंगमंदिरांत झणझणूं लागली, तर वाद्य बिघडलें असें समजूं नये.

तारांना हात लावण्याच्या परीक्षेचा एक गंभीर पैलू आहे. बहुतेक गिटारींत तारा ध्वनिवर्धकाच्या अर्थिंगशीं जोडलेल्या असतात. म्हणूनच हात लावतांच खरखर कमी होते. परंतु याचाच दुसरा अर्थ असा कीं, वादकाचें शरीर घराच्या वीजव्यवस्थेशीं जोडलें जातें. जुन्या चाळींत व इमारतींत तीन भोंकांचा सॉकेट असला तरी तिसऱ्या भोंकामागें तार असतेच असें नाहीं. ध्वनिवर्धकांत बिघाड होऊन त्याचा सांगाडा विजेनें भारला गेला आणि अर्थिंग नसलें, तर गिटारच्या ताराच प्राणघातक होतात. स्टोन द क्रोज या स्कॉटिश वाद्यवृंदाचा गिटारवादक लेस्ली हार्वी १९७२ सालीं रंगमंचावर असाच विजेच्या धक्क्यानें मरण पावला. यार्डबर्ड्स या प्रसिद्ध वृंदाचा गायक कीथ रेल्फ १९७६ सालीं आपल्या घरीं गिटार वाजवितांना याच रीतीनें गेला. म्हणून हम घालविण्याच्या नादानें प्लगाची तिसरी कांडी मोडणें किंवा तिचा संबंध तोडणारा दोन कांड्यांचा अडॅप्टर वापरणें कदापि योग्य नाहीं. जाणत्या वायरमनकडून फेज व अर्थ यांमध्यें सुमारें दोनशें तीस व्होल्ट दाब येतो कीं नाहीं, तसेंच न्यूट्रल व अर्थ यांमधील दाब थोड्या व्होल्टांच्या आंत आहे कीं नाहीं, हें मोजून घ्यावें. अर्थिंगचा विरोध किती आहे, हेंहि त्याच्याकडून तपासून घ्यावें. गळती होतांच वीज तोडणारा तीस मिलि-अँपियरचा संरक्षक खटका घरांत नसेल, तर तो प्रथम बसवावा. नीरव पिकप नंतर घेतां येतो.

परीक्षेअंतीं दोष चुंबकीय हमचाच ठरला, तरी एक फुकटची सवलत आधीं पाहून घ्यावी. तीन एकेरी पिकपांच्या पुष्कळ गिटारींत मधला पिकप मुद्दाम उलट गुंडाळलेला व उलट ध्रुवाचा असतो. निवडीची दांडी दुसऱ्या किंवा चौथ्या ठिकाणीं ठेवली कीं मधला व बाजूचा असे दोन पिकप एकत्र वाजतात, आणि ते मिळून हमबकरचें काम करतात. या दोन ठिकाणीं हम जवळ जवळ थांबत असेल आणि वादकाचें बहुतेक वादन तेथेंच होत असेल, तर नव्या खरेदीची निकड उरत नाहीं.

तरीहि नीरव पिकप हवाच असेल, तर नांवापेक्षां रचना पाहून निवड करावी. पहिली रचना दुमजली. हिच्यांत दोन वेटोळीं एकावर एक ठेवलेलीं असतात. वरचें तारेचा स्वर व हम दोन्हीं टिपतें. खालचें तारांपासून दूर असल्यानें मुख्यतः हम टिपतें आणि तो वजा करतें. बाहेरून हा पिकप हुबेहूब एकेरी दिसतो व तारेची थोडीच लांबी टिपत असल्यानें त्याचा स्वरहि मुळाच्या सर्वांत जवळ राहतो. मात्र खालचें वेटोळें थोडासा स्वरहि टिपतें व तोहि हमबरोबर वजा होतो. त्यामुळें स्वराची धार किंचित् बोथट व जोर किंचित् कमी होण्याचा संभव असतो. ही वजाबाकी टाळण्यासाठीं दोन वेटोळ्यांमध्यें पोलादी आडोसा घालण्यासारख्या युक्त्या योजिल्या जातात. फेंडर, डिमार्झिओ, सेमूर डंकन या अमेरिकन व किनमन या ऑस्ट्रेलियन कारखान्यांच्या मालांत मुख्य फरक या युक्त्यांचाच आहे.

दुसरी रचना रुळांची. एका पिकपच्या जागेंत दोन अरुंद वेटोळीं शेजारीं शेजारीं बसवितात व सुट्या चुंबकांऐवजीं दोन लांब पोलादी पात्या ठेवतात. वरून पाहतां त्या आगगाडीच्या रुळांसारख्या दिसतात. हा खरा हमबकरच होय, फक्त आकारानें लहान. तो जोरकस असतो आणि डिस्टॉर्शनला मानवतो, पण त्याच्याकडून लखलखीत एकेरी स्वराची अपेक्षा करूं नये. तिसरी रचना विभागलेली. खर्जाच्या तीन तारांस एक वेटोळें व वरच्या तीन तारांस दुसरें, उलट ध्रुवाचें व उलट जोडणीचें. फेंडर कंपनीनें १९५७ सालापासून आपल्या प्रिसिजन बेसवर हीच युक्ति वापरली आहे. यांत प्रत्येक तार एकाच वेटोळ्याच्या वाट्यास येत असल्यानें स्वर मोकळा राहतो.

चौथी रचना बॅटरीवर चालणाऱ्या पिकपची. ईएमजी कंपनीचे पिकप हें तिचें परिचित उदाहरण. यांतील वेटोळ्याचे फेरे कमी असतात आणि पिकपच्या पोटांतच एक लहान ध्वनिवर्धक बसविलेला असतो. फिशमन कंपनीनें तर गुंडाळलेल्या तारेऐवजीं छापील पट्ट्यांचे थर वापरले आहेत. अशा पिकपचा आवाज अतिशय स्वच्छ असतो व लांब जोडतारेनें तो मंदावत नाहीं. परंतु नऊ व्होल्टांची बॅटरी ठेवण्यास गिटारच्या पोटांत जागा लागते, आंतील बटणें व जोडखोबण बदलावी लागते आणि बॅटरी कार्यक्रमाच्या ऐन मध्यावर संपूं शकते.

या चारांतून निवड करण्याची कसोटी वादनशैली ही आहे. भावगीतांची व चित्रपटगीतांची साथ करणाऱ्यास, ज्याला प्रत्येक तारेचा स्वर सुटा ऐकूं यावयास हवा असतो, दुमजली किंवा विभागलेला पिकप मानवेल. जोरकस पाश्चात्त्य रॉक वाजविणाऱ्यास, निदान घोडीजवळच्या जागीं, रुळांचा पिकप उपकारक होईल. घरींच ध्वनिमुद्रण करणाऱ्यानें व विजेच्या गोंगाटांत रोज वाजविणाऱ्यानें बॅटरीच्या पिकपचा विचार करावा. परदेशांतील ध्वनिमुद्रण ऐकून निर्णय घेतांना एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. अमेरिकेंत वीज साठ आवर्तनांची असल्यानें तेथील हमचा सूर निराळा असतो, आणि मुद्रणांतील शांततेंत नुसत्या पिकपचा वांटा किती व नंतरच्या सफाईचा किती, हें कानांस कळत नाहीं. शक्य असेल तर मुंबईस धोबीतलावावरील फुर्ताडोजसारख्या वाद्यांच्या दुकानीं तसा पिकप बसविलेली गिटार हातीं घेऊन, प्रथम स्वच्छ व मग डिस्टॉर्शनसह, वाजवून पाहावी.

खरेदीपूर्वीं मोजमाप करणें तितकेंच महत्त्वाचें आहे. दुमजली पिकप नेहमींच्या पिकपपेक्षां खोल असूं शकतो. म्हणून गिटारच्या खांचेची खोली पट्टीनें मोजावी. पहिल्या तारेपासून सहाव्या तारेपर्यंतचें अंतर घोडीजवळ अधिक व मानेजवळ कमी असतें. तेव्हां कोणता पिकप कोणत्या जागेसाठीं केलेला आहे, हें वेष्टनावर वाचून घ्यावें. आंतील आवाजाच्या बटणाची किंमतहि जुळावी लागते. एकेरी पिकपास अडीचशें किलो-ओहम व हमबकरास पांचशें किलो-ओहम असा सर्वसाधारण रिवाज आहे. नीरव पिकपांच्या बाबतींत मात्र कारखान्याच्या कागदावर जें सांगितलें असेल तें प्रमाण मानावें. ही किंमत कमी पडली तर स्वर मंद होतो, अधिक झाली तर तो बोंचरा होतो. आणि दोष मात्र पिकपच्या माथीं येतो.

तीनांपैकीं एकच पिकप बदलावयाचा असेल तर आणखी एक सावधगिरी हवी. नव्या पिकपची जोडणी व ध्रुव जुन्यांशीं जुळले नाहींत, तर दोन पिकप एकत्र लावतांच स्वर पोकळ व किरटा होतो. नीरव पिकपमधून बहुधा चार रंगीत तारा व एक उघडी तार बाहेर येते. या रंगांचा अर्थ प्रत्येक कारखान्यांत निराळा असल्यानें एकाचा नकाशा दुसऱ्यास लागू पडत नाहीं. चुकीच्या दोन तारा जोडल्या तर बेरजेच्या जागीं वजाबाकी व वजाबाकीच्या जागीं बेरीज होते, म्हणजे स्वर जातो आणि हम राहतो. हें काम सवय नसलेल्यानें हौसेनें करण्यापेक्षां वाद्यदुरुस्ती करणाऱ्या कुशल कारागिराकडे द्यावें, आणि काढलेले जुने पिकप जपून ठेवावे. नवे न आवडल्यास परतीचा मार्ग त्यामुळें मोकळा राहतो.

सर्व कांहीं यथास्थित बसविल्यावरहि पूर्ण निःशब्दता येईल अशी आशा बाळगूं नये. डिस्टॉर्शनची सूक्ष्म ‘स्स’ अशी सळसळ ध्वनिवर्धकांतील साधनांची असते व ती कोणत्याहि पिकपनें जात नाहीं. नीरव पिकप विजेचा सूर तेवढा बाजूला काढतो. ज्या घरांत अर्थिंग पक्कें आहे, पंख्याचें रेग्युलेटर निरुपद्रवी आहे व गिटारची खांच तांब्यानें मढविलेली आहे, तेथें हा शेवटचा उपाय आपलें पुरें मोल देतो. जेथें या प्राथमिक गोष्टींची वानवा आहे, तेथें सर्वांत महाग पिकपहि कांहीं करूं शकत नाहीं. म्हणून क्रम असा असावा: प्रथम जिवाची सुरक्षितता, मग घराची तपासणी, मग गिटारच्या खांचेचें अस्तर आणि सर्वांच्या शेवटीं पिकप. या क्रमानें जाणाऱ्या कित्येकांस शेवटच्या पायरीपर्यंत पोंचण्याची गरजच पडणार नाहीं. आणि ज्यांस पडेल, त्यांस आपण काय विकत घेत आहोंत व त्याच्या बदल्यांत स्वराची कोणती छटा सोडीत आहोंत, हें नीट उमगलेलें असेल.